वॉर्डातलं शिकवणं कसं जोखायचं: क्लिनिकल विभागांतल्या अध्यापन-मूल्यमापनाची पहिली फेरी

विभागातल्या शिकवण्याचं मूल्यमापन करा, असं काम पहिल्यांदा अंगावर आलं की सगळ्यात सोपा मार्ग दिसतो तो व्याख्यानाचा फॉर्म उचलून वॉर्डात वाटण्याचा. तो फॉर्म तिथे चालत नाही. व्याख्यानाला ठरलेली वेळ असते, शिक्षक एकच असतो आणि सगळे विद्यार्थी तेच ऐकतात. वॉर्डात शिकवणं रुग्णसेवेच्या फटींत होतं. राउंडमध्ये दोन खाटांच्या मधल्या चार पावलांत, ओपीडीत एक रुग्ण बाहेर पडून दुसरा आत येईपर्यंत, ऑपरेशन थिएटरात हात धुताना, रात्रीच्या ड्युटीवर फोनवरून. त्यात एकाच खाटेभोवती पदवीचे विद्यार्थी, इंटर्न आणि निवासी डॉक्टर उभे असतात, आणि तिघांना लागणारं शिक्षण वेगळं असतं. 'स्लाइड स्पष्ट होत्या का?' हा प्रश्न इथे कुणाच्याच कामाचा नाही.

खाली दिलेली पद्धत एका विभागात, सहा महिन्यांत एक फेरी पूर्ण होईल अशा बेताने मांडली आहे. सगळ्या रुग्णालयात एकदम सुरू करू नका. पहिल्या फेरीत निम्मा वेळ चुका दुरुस्त करण्यातच जातो, आणि त्या चुका एका विभागापुरत्या राहिलेल्या बऱ्या.

पायरी १: कशासाठी, ते आधी कागदावर

शिक्षकाला सुधारायला मदत करणं आणि त्याच्या पदोन्नतीचा निर्णय घेणं ही दोन वेगळी कामं आहेत. दोन्ही एकाच फॉर्मवर लादली की दोन्ही बिघडतात. 'माझ्या शेऱ्यामुळे सरांची बढती अडेल' असं वाटलं की विद्यार्थी सरसकट पाच-पाच गुण देतात, आणि शिक्षक अहवाल वाचण्याऐवजी तो कुणी लिहिला असेल याचा शोध घेऊ लागतात. म्हणून पहिलं वर्ष फक्त सुधारणेसाठी ठेवा.

एका पानावर चार गोष्टी लिहा. वैयक्तिक निकाल कोण पाहणार (शिक्षक स्वतः आणि एक समन्वयक, बस). विभागप्रमुखांना काय दिसणार (विभागाचं एकत्रित चित्र, नावांशिवाय). माहिती किती काळ ठेवणार. आणि ती कशासाठी वापरली जाणार नाही. हे पान पहिला फॉर्म वाटण्याआधी विभागाच्या बैठकीत वाचून दाखवा. समन्वयक शक्यतो असा निवडा, ज्याचा त्या शिक्षकांच्या बढतीशी काही संबंध नाही.

पुढे कधी पदोन्नतीसाठी ही माहिती वापरायची ठरलीच, तर निदान दोन-तीन वर्षांची, एकाहून जास्त मार्गांनी जमवलेली माहिती हवी, आणि शिक्षकांना ते आधीपासून माहीत असायला हवं. सुधारणेच्या नावाने गोळा केलेले आकडे नंतर निवड समितीसमोर ठेवले, तर त्या विभागात पुन्हा कुणी खरं लिहीत नाही.

पायरी २: शिकवणं होतं कुठे, त्याचा नकाशा

एक आठवडा नुसती नोंद करा: कोणत्या ठिकाणी, कोण, कुणाला, साधारण किती मिनिटं शिकवतो. राउंड, ओपीडी, थिएटर, तातडीचा विभाग, केस चर्चा, रात्रीची ड्युटी. हा तक्ता बनला की बऱ्याचदा दिसतं, की वेळापत्रकावर ज्यांचं नाव आहे त्यांच्याइतकंच किंवा जास्त शिक्षण सीनियर निवासी डॉक्टर देत आहेत. मग त्यांनाही या मूल्यमापनात घ्यावं लागतं. ते वगळले तर विभागातलं निम्मं शिकवणं मोजमापाच्या बाहेरच राहतं.

पायरी ३: प्रश्नावली

कोऱ्या कागदावरून सुरुवात करू नका. क्लिनिकल शिक्षकांसाठी तपासून घेतलेल्या प्रश्नावल्या उपलब्ध आहेत. स्टॅनफर्डच्या अध्यापक-विकास कार्यक्रमातून आलेली २६ प्रश्नांची प्रश्नावली सात अंगं तपासते: शिकण्याचं वातावरण, सत्रावरची पकड, उद्दिष्टं सांगणं, समज आणि स्मरण पक्कं करणं, विद्यार्थ्याची पारख, अभिप्राय आणि स्वतःहून शिकण्याला चालना. नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्टची प्रश्नावली उमेदवारीच्या, म्हणजे गुरूच्या हाताखाली काम करत शिकण्याच्या, कल्पनेवर उभी आहे: गुरू स्वतः करून दाखवतो, करताना लक्ष ठेवतो, विद्यार्थ्याला विचार बोलून दाखवायला लावतो, केलेल्याकडे मागे वळून पाहायला लावतो, आणि पुढे स्वतःची वाट शोधू देतो. ॲमस्टरडॅममध्ये तयार झालेल्या 'एसईटीक्यू' पद्धतीत निवासी डॉक्टर शिक्षकाला जोखतात आणि शिक्षक तेच मुद्दे स्वतःबद्दल भरतो. दोन्ही कागद शेजारी ठेवले की चर्चेचा विषय आपोआप सापडतो. नवख्यांसाठी हीच मांडणी सगळ्यात उपयोगी.

स्वतःच्या विभागासाठी निवड करताना १० ते १५ प्रश्नांवर थांबा. ड्युटी संपवून आलेला निवासी डॉक्टर तिसावा प्रश्न वाचत नाही, नुसती एका रांगेत खूण करत जातो.

प्रत्येक प्रश्न एका कृतीबद्दल असावा, आणि ती कृती विद्यार्थ्याच्या डोळ्यांना दिसलेली असावी. 'शिक्षक ज्ञानी व मनमिळाऊ आहेत' या वाक्यात दोन गोष्टी आहेत, आणि दोन्ही स्वभावाच्या. ज्ञानी पण तुसड्या शिक्षकाला किती गुण द्यायचे? त्याऐवजी असं विचारा:

– मी निदान सांगितल्यावर शिक्षकांनी त्यामागचं कारण विचारलं.
– मी रुग्ण तपासताना शिक्षकांनी स्वतः उभं राहून पाहिलं.
– माझं चुकलं तेव्हा नेमकं काय आणि कसं बदलायचं ते सांगितलं.
– रात्री शंका आली तर त्यांना फोन करायला मला संकोच वाटला नाही.

अशा प्रश्नांना 'सहमत-असहमत' यापेक्षा 'कधीच नाही, क्वचित, कधीकधी, बहुतेक वेळा, नेहमी' ही पट्टी बरी बसते. आणि सहावा रकाना विसरू नका: 'पाहण्याची संधी मिळाली नाही'. तो नसेल तर ज्याने शिक्षकाला थिएटरात कधी पाहिलंच नाही तोही मधल्या रकान्यात खूण करतो, आणि सगळ्यांची सरासरी मधोमध येऊन बसते.

शेवटी दोन मोकळे प्रश्न. 'काही सूचना?' असं विचारलं तर जागा कोरी राहते. 'शिक्षकांनी पुढेही करत राहावी अशी एक गोष्ट' आणि 'पुढच्या पोस्टिंगपासून वेगळी करावी अशी एक गोष्ट' असं विचारलं तर लोक लिहितात. (पोस्टिंग म्हणजे विद्यार्थ्याचा त्या विभागातला ठरावीक मुदतीचा काळ.)

फॉर्म वाटण्याआधी पाच-सहा विद्यार्थ्यांना समोर बसवून एकेक प्रश्न मोठ्याने वाचायला लावा आणि 'यातून तुला काय कळलं?' एवढंच विचारा. 'फीडबॅक' या शब्दाचा अर्थ एकाला परीक्षेचे गुण वाटतो, दुसऱ्याला सगळ्यांसमोर बसलेला ओरडा. परभाषेतली प्रश्नावली भाषांतर करून घेतली असेल तर ही चाचणी टाळूच नका.

पायरी ४: फॉर्म कधी, कुणाकडून, किती

ज्याने त्या शिक्षकाबरोबर पुरेसा वेळ काम केलं आहे त्याच्याकडूनच फॉर्म घ्या. 'किमान पाच सत्रं किंवा दोन आठवडे' अशी काहीतरी अट आधी ठरवा. वेळेचा क्रम फार महत्त्वाचा: विद्यार्थ्याने फॉर्म भरावा तो स्वतःचे पोस्टिंगचे गुण कळण्याआधी, आणि शिक्षकाच्या हातात सारांश पडावा तो गुण कार्यालयात जमा झाल्यानंतर. पहिली अट पाळली नाही तर कमी गुण मिळालेला विद्यार्थी फॉर्मवर राग काढतो. दुसरी पाळली नाही तर विद्यार्थ्याला वाटतं, आपल्या शेऱ्याचे पडसाद आपल्याच गुणांवर उमटतील.

नाव न लिहिणं म्हणजे गुप्तता नव्हे. युनिटमध्ये तीनच निवासी डॉक्टर असतील तर अक्षरावरून, मजकुरावरून माणूस ओळखू येतो. म्हणून पाचपेक्षा कमी फॉर्म असतील तर निकाल देऊच नका, पुढच्या तुकडीचे फॉर्म जमेपर्यंत थांबा. शेरे टाइप करून, क्रम बदलून, रुग्णाचा किंवा प्रसंगाचा ओळखू येणारा उल्लेख काढून द्या.

किती फॉर्म पुरेसे? एक ठोकळ हिशेब करून पाहा. समजा, पाचपैकी गुण देताना विद्यार्थ्यांमधला फरक, म्हणजे प्रमाण विचलन, ०.८ आहे. ते फॉर्मच्या संख्येच्या वर्गमुळाने भागायचं आणि साधारण दोनने गुणायचं. चार फॉर्म असतील तर सरासरी दोन्ही बाजूंना ०.८ हलू शकते. म्हणजे ४.१ हा आकडा ३.३ ते ४.९ यांतला काहीही असू शकतो. आठ फॉर्मना ही हालचाल ०.५५ च्या आसपास येते, सोळा फॉर्मना ०.४. म्हणून प्रत्येक शिक्षकामागे निदान आठ ते दहा फॉर्म धरा, आणि एका शिक्षकाचे ४.१ व दुसऱ्याचे ४.४ यांत फरक आहे असं कधी म्हणू नका.

विद्यार्थ्यांनी दिलेल्या गुणांना एक जुनी मर्यादाही आहे. १९७० मध्ये अमेरिकेत एका अभिनेत्याला 'डॉ. मायरन फॉक्स' म्हणून उभं करून मुद्दाम परस्परविरोधी, पोकळ व्याख्यान द्यायला लावलं होतं. समोर मनोविकारतज्ज्ञ आणि इतर जाणकार बसले होते, आणि त्यांनी व्याख्यानाला चांगला अभिप्राय दिला. १९७३ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. बोलण्यातली रंगत गुण वाढवते, हे त्यातून शिकायचं. विद्यार्थी खोटं बोलतात, असा अर्थ त्यातून काढू नये. शिक्षकाने आपल्याला प्रश्न विचारला का, आपल्याला तपासताना पाहिलं का, हे विद्यार्थी नेमकं सांगू शकतो. शिकवलेलं वैद्यकीयदृष्ट्या बरोबर होतं का, हे सहकारी शिक्षकालाच विचारावं लागतं.

पायरी ५: प्रत्यक्ष निरीक्षण

सगळ्या कामात वेळ द्यायचा तर इथे द्या. विद्यार्थ्यांचे फॉर्म कुठे दुखतं ते सांगतात, निरीक्षण का दुखतं ते दाखवतं.

प्रत्येक शिक्षकाची किमान दोन सत्रं, दोन वेगळ्या ठिकाणी, प्रत्येकी २० ते ३० मिनिटं पाहा. आदल्या दिवशी पाच मिनिटं भेटून विचारा, 'उद्या मी कशाकडे लक्ष देऊ?' शिक्षकाने स्वतः सांगितलेला मुद्दा नंतरच्या चर्चेत सगळ्यात आधी घ्यायचा असतो. अचानक जाऊन उभं राहणं हा तपासणीचा प्रकार झाला, तो टाळा.

रुग्णाची परवानगी आधी घ्या. 'हे डॉक्टर आज आम्ही कसं शिकवतो ते पाहायला आले आहेत' एवढं साध्या शब्दांत सांगितलं की पुरतं. नको म्हणाले तर ती खाट सोडून पुढे जा. उभं राहताना विद्यार्थ्यांच्या मागे, बाजूला राहा. शिक्षकाच्या नजरेसमोर उभे राहिलात तर तो तुमच्याकडे बघून बोलू लागतो.

कागदावर मत लिहू नका, घडलं ते लिहा, वेळेसकट. नमुन्यादाखल सात मिनिटांची नोंद अशी दिसेल:

९:१२ – खाट ७. शिक्षकांनी रुग्णाला नावाने हाक मारली, विचारलं. विद्यार्थिनी केस सांगते, २ मिनिटं ४० सेकंद. मधे एकदा थांबवलं.
९:१५ – 'तुला काय वाटतं, धाप कशामुळे लागत असेल?' १ सेकंद थांबले. स्वतःच उत्तर दिलं: 'हार्ट फेल्युअर.'
९:१६ – 'मग कोणती चिन्हं शोधशील?' ५ सेकंद थांबले. विद्यार्थिनी: 'पायाला सूज, मानेतली शीर फुगलेली.'
९:१७ – रुग्णाला ४५ अंशांत टेकवून शीर दाखवली. छातीच्या हाडाच्या कोनापासून उंची विद्यार्थिनीला मोजायला लावली.
९:१९ – 'छान.' पुढच्या खाटेकडे. मागचे तीन विद्यार्थी पूर्ण वेळ गप्प.

अशी नोंद वाचायला एक चांगली चौकट आहे: १९९२ मध्ये मांडलेली 'एका मिनिटाचा शिक्षक' ही पाच कौशल्यांची पद्धत. विद्यार्थ्याकडून आधी स्वतःचं मत काढून घ्या, त्याचा आधार विचारा, एक सर्वसाधारण नियम शिकवा, जे बरोबर केलं ते नेमकं सांगा, चूक दुरुस्त करा. वरच्या नोंदीत ९:१५ ला पहिलं कौशल्य सुरू होऊन एका सेकंदात विरून गेलं. प्रश्न चांगला होता, थांबणं कमी पडलं. ही सवय सार्वत्रिक आहे. अमेरिकी शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी शाळांतल्या वर्गांवर केलेल्या अभ्यासात शिक्षक प्रश्नानंतर सरासरी सेकंदभरच थांबतात असं दिसलं होतं, आणि तीन सेकंद किंवा त्याहून जास्त थांबल्यावर उत्तरं लांब आणि विचारपूर्वक येऊ लागली. ९:१७ ला मात्र उत्तम बेडसाइड शिक्षण झालं: चिन्ह दाखवलं, आणि हात विद्यार्थिनीचा लागला. ९:१९ चं 'छान' ऐकून ती खूश झाली असेल, पण काय छान केलं ते तिला कळलं नाही. पुढच्या वेळी तेच पुन्हा करायला तिच्या हाताशी काही राहिलं नाही.

निरीक्षक दोन असावेत, आणि त्यांनी सुरुवातीला दोन-तीन सत्रं एकत्र पाहून वेगवेगळी नोंद करावी. पाचच्या पट्टीवर एकाहून जास्त फरक पडला तर बसून बोलावं: तू काय पाहिलंस, मी काय पाहिलं? एका चांगल्या गुणावरून सगळेच गुण चांगले देण्याची ओढ निरीक्षकालाही असते. मानसशास्त्रज्ञ थॉर्नडाइक यांनी १९२० मध्येच ती दाखवून दिली होती. वेळेसकट लिहिलेली नोंद हा त्यावरचा हाताशी असलेला इलाज.

पायरी ६: बाकीचे पुरावे

स्वतःचं मूल्यमापन शिक्षकाने विद्यार्थ्यांनी दिलेले गुण पाहण्याआधी भरावं. वॉर्डातल्या सिस्टर आणि सहकारी यांना दोन-तीनच प्रश्न विचारा, तेही वागणुकीबद्दल: विद्यार्थ्यांसमोर रुग्णाशी कसं बोलतात, सांगितलेल्या वेळी येतात का. लॉगबुकवरून, म्हणजे विद्यार्थ्याच्या कामांच्या नोंदवहीवरून, त्याला किती कामं देखरेखीखाली करायला मिळाली ते कळतं.

परीक्षेच्या निकालावरून शिक्षक जोखू नका. विद्यार्थी सहा-सात शिक्षकांकडून शिकलेला असतो, रात्री स्वतः वाचलेलं असतं, आणि तुकड्यांमध्येही फरक असतो. घेतलेल्या तासांची संख्या हाही गुणवत्तेचा पुरावा नव्हे, तो उपस्थितीचा आहे.

पायरी ७: आकडे वाचणं

सरासरीआधी विभागणी पाहा. दहा जणांनी तीन गुण दिले तरी सरासरी तीन, आणि पाच जणांनी एक व पाच जणांनी पाच दिले तरी तीनच. दुसऱ्या प्रकारात बहुधा एका गटाला शिकवलं जातंय आणि दुसऱ्याला नाही. निवासी डॉक्टर आणि पदवीचे विद्यार्थी वेगळे काढून पाहा, उलगडा होतो.

वीस जणांपैकी सहाच फॉर्म आले असतील तर निकालावर तसं ठळक लिहा. शिक्षकाची तुलना त्याच्याच मागच्या फेरीशी करा. तातडीच्या विभागातल्या शिक्षकाला केस चर्चा घेणाऱ्याशेजारी ठेवू नका. आणि क्रमवारी लावू नका, भिंतीवर तर मुळीच नाही.

शेऱ्यांत अपमान, छळ किंवा रुग्णाला धोका यांचा उल्लेख आला तर तो सहा महिन्यांच्या सारांशाची वाट पाहत पडून राहता कामा नये. असे शेरे कोण वाचणार, ४८ तासांत कुणाकडे नेणार, तक्रारीचा वेगळा मार्ग कोणता, हे फॉर्म वाटण्याआधीच ठरलेलं हवं. या एका बाबतीत ढिलाई झाली तर ज्याने धीर करून लिहिलं त्याचा विश्वास कायमचा जातो.

पायरी ८: समोरासमोर बोलणं

अहवाल ई-मेलने पाठवून काम संपत नाही. आकडे हाती पडलेला शिक्षक सगळ्यात वाईट शेरा पुन्हा पुन्हा वाचतो आणि बाकीचं विसरतो. सारांश तयार झाल्यापासून दोन आठवड्यांच्या आत, बंद दाराआड, अर्धा तास भेटा. हातात एकच पान: स्वतःचे गुण, विद्यार्थ्यांचे गुण, निरीक्षणातल्या तीन-चार ओळी, निवडक शेरे.

सुरुवात त्यांच्यापासून करा: 'सर, त्या दिवशीच्या राउंडमध्ये तुमच्या मते काय जमलं?' मग नोंदीतली जागा दाखवा: 'सव्वानऊला तुम्ही धापेचं कारण विचारलंत, तिने तोंड उघडायच्या आत उत्तर तुम्हीच दिलंत. पुढच्या प्रश्नाला पाच सेकंद थांबलात तेव्हा तिला उत्तर आलं.' एवढं पुरे. 'तुम्ही विद्यार्थ्यांना बोलू देत नाही' असं वाक्य तोंडातून गेलं की उरलेली पंचवीस मिनिटं स्पष्टीकरणात जातात.

बदल एकच ठरवा, फार तर दोन, आणि तो दिसण्यासारखा असावा. 'संवाद वाढवीन' हा बदल मोजता येत नाही. 'प्रत्येक खाटेपाशी एक प्रश्न मागे उभ्या असलेल्याला विचारीन आणि मनात तीन मोजेन' हा येतो. चार ते सहा आठवड्यांनी पुन्हा वीस मिनिटं जाऊन तेवढंच पाहा.

पायरी ९: दोष शिक्षकाचा नसेल तेव्हा

सगळ्याच शिक्षकांना 'तपासताना स्वतः पाहिलं' या प्रश्नावर कमी गुण पडले असतील, तर व्यक्तींशी बोलून काही होणार नाही. ओपीडीत बाहेर रांग लागलेली असताना कुणीही उभं राहून विद्यार्थ्याची तपासणी पाहू शकत नाही. इथे वेळापत्रक बदलावं लागतं: प्रत्येक ओपीडीत दोन रुग्ण शिकवण्यासाठी राखून ठेवायचे, एक खोली वेगळी, एक शिक्षक त्या दिवशी रांगेतून मोकळा. शिकण्याच्या वातावरणासाठी स्वतंत्र प्रश्नावल्या आहेत: पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी ५० प्रश्नांची 'ड्रीम', निवासी डॉक्टरांसाठी ४० प्रश्नांची 'फीम'. त्या वर्षातून एकदा भरून घ्या आणि विभागप्रमुखांसमोर हेच निकाल ठेवा.

फेरी संपल्यावर महिन्याभरात विद्यार्थ्यांना सांगा की त्यांच्या लिहिण्यातून काय बदललं. विभागाच्या फलकावर तीन ओळी पुरतात, कुणाचंही नाव न घेता: 'रात्री फोन करायला संकोच वाटतो असं अनेकांनी लिहिलं. आता रोजच्या ड्युटीवरच्या सीनियरचं नाव आणि नंबर वॉर्डात लावला जाईल. ओपीडीत स्वतंत्र खोली मागितली आहे, अजून मिळालेली नाही.' न झालेली गोष्टही लिहा. पुढच्या तुकडीला फॉर्म देताना हीच सूचना त्याच्यासोबत जोडा.